हातभर जागा

वांकिडीच्या आठवडी बाजारात माझ्या कापडाच्या दुकानासमोर एक म्हातारा झाडलोटीचे शिंदीचे फडे विकायला बसायचा. अंगात बंडी, कमरेला धोतर, फडक्यात एक भाकर. पोटापुरते फडे विकले गेले की उरलेले खांद्यावर टाकून तो ऊन उतरायच्या आत निघायचा. शेजारचा कांदेवाला दर बाजारी आपलं पोतं त्याच्या जागेत रेटायचा आणि हा मुकाट्यानं मागं सरकायचा. सरकत सरकत पार नालीपाशी गेला.

शेवटी माझंच डोकं तापलं. "काऊन सरकून राह्यले, बुवा? भांडा ना त्याच्याशी!"

फडा बांधता बांधता तो म्हणाला, "हातभर बांधापायी सख्ख्या भावाच्या डोक्यात कुराड घातली म्या. जेलातून आलो अन् माह्या हिस्स्याचं वावर वयनीच्या नावानं करून देलं. आता माहं म्हणावं असं काईच नाई. तवापासून झोप लागते."

पुढच्या बाजारी कांदेवाल्यानं पोतं आणखी रेटलं आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. त्याला वाटत होतं, म्हातारा आपल्याला भितो.

म्हातारा भीत होताच. पण त्याला नाही, स्वतःच्या हातांना.