मिशरीचं बोट

"पेरिओडोन्टायटिस आहे," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे हिरड्यांचा रोग दाताच्या मुळाशी, हाडापर्यंत उतरलेला. खुर्चीत माझी सून योगिता होती, सहावा महिना. मी तिच्या पायाशी उभी.

"गरोदरपणात हिरड्या सुजतात. पण दुर्लक्ष केलं तर बाळ लवकर होण्याची, वजनाला कमी भरण्याची भीती वाढते. होईलच असं नाही. सफाई आता करता येते, काही धोका नाही. घरी दातांना काय लावता?"

योगिताने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

"टूथपेस्ट," ती म्हणाली.

रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती मलाच सांगायला आली होती. "आत्या, ब्रश लाल झाला." सासूला आत्या म्हणायची आमच्या खानदेशातली रीत. मी म्हटलं, "ब्रश ठेव बाजूला. मिशरी लाव, हिरड्या घट्ट होतात." तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांवर घासायची. माझ्या आईने मला दिली, मी सुनेला. इथे सुरतेला, आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत, दुपारी साड्यांना टिकल्या चिकटवत बसलं की मिशरीची डबी फिरतेच. हिरडी बधिर होते आणि आपल्याला वाटतं, गुण आला.

स्केलिंग झालं, म्हणजे हिरडीखालचा कडक थर खरवडून काढला. पुढच्या खेपेला हिरड्या तशाच लाल. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. कारण मला ठाऊक होतं. योगिता सोडायला बघत होती, तिचं डोकं ठणकायचं, आणि मीच डबी पुढे करायची. "चिमूटभर घे गं, काही होत नाही."

बाई औषध बदलायचं म्हणाल्या, तेव्हा माझ्याने राहवेना. "मॅडम, ती मिशरी लावते. मी देते. अजून देते."

"अरे मासी!" बाई गुजराती, मावशीला मासी म्हणायच्या. "ती तंबाखूच ना? ती बाळापर्यंत पोचते." मग आवाज उतरला. "आज सांगितलंत, बरं केलंत. आता दोघींनी सोडा. घरात डबी असली तर ती एकटी कशी सोडेल?"

बाहेर आल्यावर योगिता म्हणाली, "तुम्हाला वाचवायला मी खोटं बोलले, आणि तुम्हीच फोडलं!" हसता हसता रडायला लागली.

डबी मी त्याच दिवशी टाकली. चिडचिड इतकी की आमचे हे म्हणाले, "घरात दोन वाघिणी सुटल्यात, मी लूमच्या कारखान्यातच झोपतो." पण हिरड्या गुलाबी झाल्या.

नात तरी थोडी लवकरच आली, मूठभर. नक्की कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी मात्र काचेच्या पेटीपुढे मनातल्या मनात पाया पडत होते. मग कांगारू केअर सुरू झालं, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं. योगिता थकली की डॉक्टर मला बसवायचे. "मासी, तंबाखू?" "सुटली," मी वर बघून सांगितलं. त्या चिमणीचा श्वास माझ्या छातीवर चालायचा. वजन वाढत गेलं, आम्ही तिला घरी आणली.

बायांनो, गरोदरपणी हिरडीतून रक्त आलं तर दातांच्या डॉक्टरकडे जा. काय लावता ते खरं सांगा. सुनेला बोलता येत नसेल, तर सासूने बोलावं.

परवा नातीने माझं ते मिशरीचं बोट धरलं, तोंडात घातलं आणि कचकन चावली. मी ओरडले. योगिता टिकल्या टाकून धावत आली. "काय हुयनं आत्या?"

बोटावर दोन इवल्या दातांचे ठसे होते. ते पुसायच्या आत मी गल्लीभर दाखवून आले.