मुरगळलेला पाय आणि सासूबाईंचा सवाल

मंडळी, मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. आज दवाखान्यात माझा आवाज चढलाच.

चाकूरकडची एक सून काल पाण्याच्या टँकरवर हंडा भरायच्या गर्दीत घसरली. घोटा मुरगळला. सासूबाईंनी कढत तेल लावून तासभर जोरात चोळला. हाड शाबूत आहे, पण आज पाय चपलेत मावत नव्हता!

"ताज्या मुरगळीला चोळायचं नसतं! किती वेळा सांगायचं?" मी ओरडले.

सासूबाई म्हणाल्या, "मला तर आजच सांगायलाव. मग चोळायचं कधी, ते तरी सांगा की."

मी ओशाळले. म्हटलं, "आधी गार पट्टी आणि आराम. सूज उतरली की हलक्या हातानं, खालून वर."

"आराम?" सून म्हणाली. "परवा पुन्हा टँकर हाय."

आता यावर कुठलं मालिश सांगू, तुम्हीच बोला.