शिवकन्येच्या वाटीतलं पंचामृत

हे मी अजून कुणापुढं उच्चारलेलं नाही — नवऱ्यापुढं नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला सांगतेय. कुठून सुरुवात करू?

परळीत आमचं पेढ्यांचं दुकान. शेजारी नुकताच एसटीडी बूथ निघाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासणीत काय निघालं ते धाकट्या जावेला, महानंदाला, तिथल्याच फोनवर सांगितलं. तिची शिवकन्या पाच वर्षांची. गोड पोटात गेलं की ओकायची, घामाघूम होऊन निपचित पडायची. आईबापांकडून आलेला, क्वचितच कुणाला होणारा दोष होता. साखर, गूळ, मध, फळं — सगळं बंद. औषध नाही, जन्मभराचं पथ्य तेवढं.

महानंदानं लेकीची भांडी वेगळी केली, स्वयंपाक वेगळा केला. आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. पेढ्यांच्या घरात गोडाचा विटाळ? माझ्या हातचं पोरीला चालत नाही म्हणे! माझ्या लेकरांना कुणी एवढं जपलं होतं? नाटकं वाटायची मला. खरंच वाटायची — की मला तसं वाटून घ्यायचं होतं?

श्रावणातल्या सोमवारी मी देवळातून अभिषेकाचं पंचामृत आणलं. महानंदा न्हाणीत होती. मी ते शिवकन्येच्या वेगळ्या वाटीत ओतलं. तिनं वाटी बघितली आणि तोंड फिरवलं. पाच वर्षांच्या लेकराला कळत होतं.

"देवाचं हाय. त्यानं काय होत न्हाई," मी म्हणाले, आणि वाटीभर पाजलं. मग वाटी राखेनं घासून पालथी घातली. घासली कशाला? म्हणजे मला माहीत होतं.

दुपारी पोरीनं डोळे पांढरे केले. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर महानंदाला खडसावत होते, सासूबाई तिलाच बोलत होत्या — काय घातलंस पोटात? ती एकेक भांडं आठवत राहिली. शेवटी म्हणाली, माझ्याच पळीला गूळ लागला असंल. मी तिथंच उभी होते.

पोरगी वाचली. घरी आल्यावर महानंदा तिचं ताट घेऊन माझ्याकडं आली.

"अक्का, आधी तुमी चाखा. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई ऱ्हायला."

मी चाखलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मग रोज — शिवकन्या शिकायला बाहेरगावी जाईपर्यंत, तेरा वर्षं. मी घास गिळेपर्यंत महानंदा माझ्या तोंडाकडं बघत राहायची. आणि मी म्हणायची — दे, काय न्हाई यात.