तेल उतरलं, मग जहाजाचा अधिभार का उतरंना?

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आई-आण्णांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस म्हणून त्यांचं सिंगापूरच्या क्रूझचं बुकिंग केलंय. सगळे पैसे उन्हाळ्यातच भरलेत. आज एजंटानं तिकिटं न्यायला बोलावलं म्हणून आण्णांना घेऊन गेलतो. तर म्हणे, "आधी इंधन अधिभार भरा. तेल महागलंय."

मी म्हटलं, "महागलं होतं. आता धाडकन उतरलंय की! पेपर वाचत न्हाय काय?"

"कंपनीनं आधीच ठरवलंय, साहेब. नको असेल तर रद्द करा. निम्मेच पैसे परत मिळतील." हे सांगताना गडी चक्क हसत होता.

मी टेबलावर हात आपटला. "चढलं की लगेच वसुली, आणि उतरलं की मुकाट बसताय व्हय?" शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली, पण हा ढिम्म.

शेवटी आण्णांनीच खिशातनं पैसे काढले. मला म्हणाले, "गप बस. तुझ्या आईनं अख्ख्या मंगळवार पेठेत सांगितलंय. आता तिला कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू?"

आम्ही रद्द करणार नाही, हे त्या एजंटाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच हसत होता हरामखोर!

तेल उतरल्यावर अधिभार परत मिळालेला एक तरी माणूस इथं आहे का? असला तर पत्ता द्या, पाया पडायला येतो.