नितीनच्या नावावर माझी ओळ

मी गेलं वर्षभर एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलत होतो.

नितीनला जाऊन आज वर्ष झालं. छत्तीस वर्षांचा होता. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आम्ही एकाच टीममध्ये होतो, इथेच, संभाजीनगरला. औरंगपुऱ्यात उभ्या उभ्या चहा पिताना कुणी विचारलं, काय काम करता, की म्हणायचा, "कॉम्प्युटरचा पंक्चरवाला हाय मी."

साध्या भाषेत सांगतो. मेमरीचा एखादा तुकडा खराब होतो. तिथलं वाचायला गेलं की अख्खं मशीन बंद पडू शकतं. नितीनचा कोड त्यातून मशीनला सावरायचा. खराब तुकडा बाजूला काढायचा, "इथला डेटा गेला" असं स्पष्ट सांगायचा आणि बाकीचं काम चालू ठेवायचा.

त्या स्पष्ट सांगण्यावर त्याचा भारी जीव.

मी एकदा म्हणालो, "एरर दिसली की कस्टमर घाबरतो रे."

"घाबरू दे की. गेलं ते गेलं म्हणायचं. कळलं तर बॅकअपमधून तरी काढंल तो."

मग सॉफ्टवेअरच्या नव्या रिलीजची तारीख आली.

नितीन बहिणीच्या लग्नासाठी गावी, लासूर स्टेशनला गेलेला. त्याच्या पॅचची, म्हणजे कोडमधल्या नव्या दुरुस्तीची, एक टेस्ट काही केल्या पास होईना. टीम लीड मी. वरून फोनवर फोन.

मी त्याचाच पॅच उघडला आणि त्यात एक ओळ घातली. खराब तुकडा आला की एरर द्यायची नाही, गुपचूप शून्यं भरून द्यायची.

टेस्ट पास झाली. म्हटलं, सोमवारी काढून टाकू.

विसरलो.

पॅच त्याचा, म्हणून ओळीवर नावही त्याचंच राहिलं.

काही महिन्यांनी एका कारखान्याच्या नोंदींच्या जागी नुसती शून्यं निघाली. एरर कुठेच नाही. सगळं ठीक समजून बॅकअपही त्या शून्यांचाच होत राहिला होता. परत आणायला काही उरलंच नव्हतं.

मीटिंगमध्ये मॅनेजरने स्क्रीनवर ती ओळ दाखवली. "नितीन, हे तू लिहिलंस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"नाव माझं हाय," तो म्हणाला. "लग्नाहून आल्यावर मी बघायला पाहिजे होतं."

त्या मीटिंगला जे होते ते हे वाचतीलच. वाचा. खुर्ची प्यारी होती मला. भेकड निघालो.

त्याच्याकडून ते काम काढून घेतलं. सपोर्टला टाकलं, कस्टमरचे फोन उचलायला. मला तो एका शब्दाने बोलला नाही. दुपारी डबा पूर्वीसारखाच पुढे करायचा. त्याचा जास्त त्रास व्हायचा.

दहाव्याला त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. काकांनी जन्मभर मोंढ्यात धान्य तोललं.

"साहेब, आमच्या पोराच्या हातून काय घडलं व्हतं वो? तुमी तर सोबत व्हते."

"काही नाही काका. होतं असं कामात."

त्यानंतर दर सणाला फोन केला. दर वेळी त्यांचा तोच प्रश्न, माझं तेच उत्तर.

आज सकाळी वर्षश्राद्धाला गेलो आणि पानावर बसायच्या आधी सांगून टाकलं. पॅच वगैरे काही नाही. एवढंच, की चूक माझी होती, नाव त्याचं लागलं आणि मी गप्प बसलो.

हाकलून देतील असं धरूनच गेलो होतो.

काकांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले,

"मी त्याला लई बोललो वो साहेब. म्हणलं, माझ्या काट्यात कधी खोट निघाली नाय, अन् तू नाव घालवलं. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यानं. मी नाय केलं, असं एकदाबी नाय म्हणला."

शेवटी म्हणाले, "आता त्याला कसं सांगू मी?"



नितीन, माफ कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही. भरल्या डोळ्यांनी हात जोडतो, मित्रा.