श्रीनाथचं टेबल काही जमेना

आमचा श्रीनाथ लहानपणापासून एका जागी टिकत नाही. जेवायला बसला की दहादा मांडी बदलायचा, अभ्यासाला बसला की टेबलाखाली पाय हलवत राहायचा. त्याचे वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, "कुसुम, ह्याच्या पायाला भिंगरी आहे." मी म्हणायचे, पोरगं आहे, हिंडू द्या. मग हे पोरगं इंजिनियर झालं आणि हिंडत हिंडत थेट नोएडाला गेलं. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. आता ऐका, चुका शोधायचा पगार मिळतो! आमच्या सासूबाईंनी जन्मभर फुकट शोधल्या.

मास्तर गेले तेव्हा तो दिवसपाण्याला म्हणून नांदेडला आला आणि राहिलाच. "घरून काम करता येतंय आई, तू एकटी कशाला राहतेस?" हे त्याचेच शब्द. खोटं कशाला बोलू, नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण लेक घरात वावरून राहिला ह्या एका सुखावर मी तीन वर्षं काढली. सकाळी त्याच्या चहाचं आधण ठेवलं की मला बरं वाटायचं.

यंदा कंपनीनं फर्मान काढलं. सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हा. ज्यांना घरूनच काम करायचंय त्यांनी घरची बैठक नीट आहे हे दाखवा. स्क्रीन डोळ्यांसमोर पाहिजे, कीबोर्ड वेगळा पाहिजे, इंटरनेट वायरचं पाहिजे. त्यांचा माणूस व्हिडिओवरून बघणार, पसंत पडलं तर कायमची परवानगी, नाहीतर नोएडा. म्हणजे माझा लेक माझ्यापाशी राहणार का नाही, हे एका टेबलावर येऊन ठेपलं. मी त्याच घडीला म्हटलं, "जे लागतंय ते आण. उद्याच्या उद्या आण."

आणि आमच्या घरात उच्छाद सुरू झाला.

पहिल्यांदा आला तो घडीचा स्टँड, ॲल्युमिनियमचा, हलका. लॅपटॉप त्याच्यावर ठेवून टाइप करायला लागला की सगळं लटपटायचं. हा नको. मग दुसरा आणला, वजनदार. त्याच्यावर लॅपटॉप थेट डोळ्यांपर्यंत चढला. स्क्रीन झकास दिसायची, पण टाइप करायला हात तिथंवर न्यावे लागायचे. कोपरं हवेत, खांदे कानाला टेकलेले. चार दिवसांत मान अशी आखडली की हाक मारली तर सगळा माणूस वळायचा. मी बाम चोळत म्हटलं, "अरे, मान वाचवायला आणलंस ना हे? का मोडायला?"

तो म्हणाला, "बदलून आणतो." आणि चप्पल घालून निघाला पण.

त्या दिवशी मीच सोबत गेले. वजिराबादेत गुरुलिंगचं दुकान आहे, देगलूरकडचा माणूस, लई शांत. आमचा हिरो दुकानात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. हे उचल, ते ठेव. गुरुलिंगनं मला स्टूल दिलं आणि सांगितलं, "मावशी, लॅपटॉप वर चढवला की त्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस, खाली टेबलावर. डोळे वर, हात खाली."

"माहीत आहे मला ते," श्रीनाथ चिडून बोलला.

"माहीत होतं तर चार दिवस मान का मोडून घेतलीस?" मी विचारलं. तो दुसऱ्या फळीवरच्या वायरी बघायला लागला. मला राग आला, पण दुकानात कुठं तोंड वाजवायचं म्हणून पदरानं वारा घेत बसले.

कीबोर्ड आला, माउस आला, मोठी स्क्रीन आली. आता हे सगळं लॅपटॉपला जोडायचं कसं? त्याला भोकं मोजून दोन. मग एक शेपटीवाला छोटा हब आणला. तो असा तापायचा की वर पापड भाजून घ्यावा. तोही परत. शेवटी डॉक आला. डॉक म्हणजे काळा डबा, त्याची वीज वेगळी. स्क्रीन, कीबोर्ड, माउस, इंटरनेट, सगळ्या वायरी त्या डब्यात जातात आणि डब्यातून एकच वायर लॅपटॉपला. मला ते फार आवडलं. एकत्र कुटुंबाचा कर्ता असावा तसा तो डबा.

इतकं झालं तरी टेबलाची जागा ठरेना. खिडकीपाशी ठेवलं तर म्हणे स्क्रीनवर उजेड येतोय. भिंतीपाशी ठेवलं तर म्हणे कोंडल्यासारखं होतंय. परत खिडकीपाशी. टेबल सरकवून सरकवून माझ्या फरशीवर चरे पडले. एक दिवस माझं डोकंच फिरलं. "एकदाचं ठरव रे बाबा! एवढ्या दिवसांत मुलगी बघितली असतीस तर आतापर्यंत बारसं झालं असतं!" तो हसला, आणि गॅलरीत जाऊन रस्त्याकडं बघत उभा राहिला. मी मनात म्हटलं, जित्याची खोड.

पण टेबल लागलं. डॉक तर आणल्यापासून एकदाही अडला नाही. लॅपटॉप स्टँडवर, शेजारी मोठी स्क्रीन, खाली कीबोर्ड, एकही वायर लोंबत नाही. कंपनीच्या माणसानं दिवस दिला तो नेमका खंडेनवमीचा, दुपारचा.

आता खंडेनवमीला हत्यारं पुजायची, ही रीत. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार. मास्तर होते तेव्हा त्यांचं पेन आणि छडी पाटावर असायची. माझं शिलाईमशीन तर असतंच, चार ब्लाऊज शिवते मी अजून. म्हटलं, आज ह्या टेबलाचाच तर प्रश्न आहे, ह्याची पूजा नको? श्रीनाथ अंघोळीला गेला तेवढ्यात मी सगळ्या वायरी काढल्या, डबा पाटावर ठेवला. मशीनला कुंकू चाकावर लावतात, स्कूटरला दिव्यावर. ह्या डब्याला तोंड कुठलं? पुढून बघा, मागून बघा, नुसती भोकं. मग मी भोकांवरच लावलं. एकेका भोकाला हळद, वर कुंकू, वर अक्षता, शेवटी झेंडूचं फूल. हात जोडून म्हटलं, "देवा, माझ्या लेकराला इथंच ठेव."

तो आला, वायरी परत खुपसल्या. सारखं घड्याळ बघून राहिला. जेवलाही नाही धड.

दुपारी कॉल लागला. लॅपटॉप चालू होता, त्याच्यावर तो कंपनीचा साहेब दिसत होता. पण मोठी स्क्रीन काळी. कीबोर्ड मेलेला. डबा नुसता दिवा लावून बसलेला. श्रीनाथनं वायर काढून घातली, तिच्या टोकाला कुंकू लागलेलं मला दारातूनच दिसलं. बाई गं! माझ्याच हातानं केलं मी हे! देवाला सांगायला गेले आणि लेकराच्या भाकरीत माती कालवली.

मी पळतच मास्तरांचा दाढीचा ब्रश शोधायला गेले. मऊ असतो, कोरडाच होता. परत आले तर साहेब म्हणत होता, "कोई बात नहीं, आराम से देख लीजिए. मैं रुकता हूँ." बिचारा भला माणूस होता.

आणि श्रीनाथ म्हणाला, "नहीं सर, यहाँ हमेशा ऐसा ही होता है."

हमेशा? मला वाटलं घाबरलाय, तोंडाला येईल ते बोलून राहिला. मी कॅमेऱ्यात न येता वाकून त्याच्यापाशी गेले, कानात म्हटलं, "अरे, कुंकू गेलंय आत. दे इकडं, आत्ता झाडून देते."

त्यानं डब्यावर हात ठेवला. पक्का, दाबून. "राहू दे आई," म्हणाला. माझ्याकडं न बघता.

साहेब कळवतो म्हणाला आणि कॉल बंद झाला. श्रीनाथ तसाच बसलेला. मी त्याचा हात बाजूला केला, डबा उचलला, एकेक भोक ब्रशनं झाडलं. वायरींची टोकं पुसली. अक्षतेचा एक तुकडा पण निघाला. परत सगळं जोडलं. मला कुठली वायर कुठं हे पाठ झालं होतं एव्हाना. लख्ख उजेड पडला मोठ्या स्क्रीनवर.

आम्ही दोघंही त्या स्क्रीनकडं बघत राहिलो.

"तुला जायचंय का रे?" मी विचारलं.

"तू एकटी पडशील, आई. बाबा गेल्यावर मीच म्हटलं होतं ना, आता कसं..."

"मी काय विचारलं ते सांग."

कीबोर्ड पुढं ढकलून म्हणाला, "हाव. जायचंय."

मला वाटलं होतं ह्याला स्टँड पटत नाही, उजेड पटत नाही, भिंत पटत नाही. मला तो इथं हवा होता. अजूनही हवाय, त्यात काय लपवायचं. पण तीन वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर चहा पिणारं पोरगं मनानं कधीच स्टेशनावर जाऊन उभं होतं, आणि मी इथं त्याचं टेबल सजवत बसले होते.

रडू आलं, रडले. तोही रडला. मग मला संताप आला.

"मग खोटं कशाला बोललास परक्या माणसाशी? सणाच्या दिवशी? घराला नावं ठेवून जातोस? लाव त्याला फोन. खरं सांग आणि मग खुशाल जा."

"आता? आई, जाऊ दे ना."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं डोळे पुसले, चेहरा नीट केला आणि फोन लावला. साहेबानं उचलला. श्रीनाथ खुर्चीतून उठला नाही, फिरला नाही. सरळ बसून बोलला.

"सर, सेटअप में कोई खराबी नहीं है. घर में सब ठीक है. मुझे ही यहाँ नहीं रहना है."

मी टेबलाची कड धरून उभी होते. म्हटलं होतं खरं सांग, आता ऐकायला पण मलाच पाहिजे होतं.