मागची बॅटरी

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस. ऊन चढायच्या आत दोन्ही सोलर पॅनल गाडीच्या मागच्या बॅटरीला जोडायची होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला घेऊन गावी निघायचं होतं. तिला इथं ठेवली असती तर नवऱ्याने तिला जिवंत ठेवली नसती.

गाडी म्हणजे जुना प्रवासी टेम्पो. माझा नवरा वारल्यावर मी ती चालवायला घेतली. मधल्या सीट काढून फळ्यांचे पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि पंखे बसवून घेतले. लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या आमच्या खानदेशी बायांना मी सणाला, लग्नाला गावी नेते आणि परत आणते. गावात दिवसा वीज नसते, बाया आणि लेकरं गाडीतच लवंडतात. त्यांच्या पंख्यासाठी मागच्या पलंगाखाली वेगळी बॅटरी आहे. इंजिनाची बॅटरी पुढे, ड्रायव्हरच्या सीटखाली. पंखे दिवसभर चालले तरी निघताना गाडी सुरू झाली पाहिजे, म्हणून दोन्हींचं काम वेगळं ठेवलंय.

भाची आत पलंगावर बसली होती. डावा डोळा सुजून बंद झाला होता. तिचा नवरा लूमच्या कारखान्यात फिटर. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्याने तिला धोट्याने मारलं होतं. मागावरच्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणारा हा लाकडी धोटा टोकाला लोखंडी असतो. ते टोक भुवईला लागलं होतं. बोटभर खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता.

मी पॅनल उघडली. घडी घातली की सुटकेससारखी होतात. गाडीला टेकवून उन्हाकडे तोंड केलं आणि वर चादर टाकली. आधी बॅटरीच्या वायरी कंट्रोलरला जोडल्या, मग पॅनलच्या. पॅनलमधून येणारी वीज कंट्रोलर आटोक्यात ठेवतो, पण जोडणी या क्रमानेच करावी लागते, नाहीतर तोच जळतो. चादर काढली तसा कंट्रोलरचा दिवा लागला.

दुपारपर्यंत बॅटरी भरत आली. आतून बुडबुड ऐकू यायला लागली. अशा वेळी बॅटरीतून पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून मी पलंगाची फळी वर करून ठेवली आणि भाचीला पुढच्या सीटवर बसवलं.

तेवढ्यात तिचा नवरा आला. पाळी संपवून सरळ इकडेच. अंगावर कापसाची धूळ, खिशात पाना.

"मावशी, हिला खाली उतरव."

"उद्या आखाजी आहे, जावईबापू. मुराळी माहेरी न्यायला आला की बाईला अडवत नाहीत."

"मुराळी म्हणजे भाऊ. तू काय मिशा लावून आलीस?"

"मिशा नाहीत. गाडी आहे."

समोरच्या ओट्यावर पापड वाळत घालणारी शेजारीण खो खो हसली. ते हसणं त्याला झोंबलं. त्याने पुढचं दार उघडून भाचीचे केस धरले आणि तिला ओढून खाली पाडलं. तिचं डोकं पायरीवर आपटलं. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. मी सीटखालचा जॅकचा दांडा काढला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. तो वळला. त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. एक दात जिभेवर आला, तो मी थुंकला आणि परत दांडा उचलला. या वेळी गुडघ्यावर.

तो लंगडत मागे सरला. भाची चाकाआड सरकली. त्याने एका पॅनलवर लाथ मारली, काच तडकली. मग मागच्या दारातून त्याला उघडी बॅटरी दिसली.

"मनी बायको शे ती," तो ओरडला. "थांब, गाडीच बंद करी टाकस."

तो आत चढला आणि पाना काढून लाल वायरीच्या नटाला लावला.

"अरे, लाल नको! आधी काळी सोड!" मी ओरडले.

"माले वीज शिकाडस?"

कारखान्यात लाल वायर जिवंत. तिथे आधी तीच तोडतात, काळीचं भय धरत नाहीत. आयुष्यभर त्याचा हात तसाच चाललेला. गाडीत मात्र काळी वायर पत्र्याला जोडलेली असते, म्हणजे अख्खी गाडीच काळी. पान्याचं एक टोक लाल नटावर होतं, दुसरं पलंगाच्या लोखंडी चौकटीला टेकलं.

नुसती ठिणगी नाही, वीज कडाडल्यासारखा आवाज झाला. मग वायूने पेट घेतला आणि बॅटरीचं झाकण छताला जाऊन आदळलं. तो पाठीवर बाहेर पडला. हात कोळशासारखा, मानेवर आणि गालावर ॲसिड. तो किंचाळत गाल चोळत होता, तसतशी कातडी हाताला येत होती.

शेजारणीने पिंप भरून ठेवलं होतं. मी बादल्याच्या बादल्या त्याच्यावर ओतल्या. दया म्हणून नाही. ॲसिडवर पाणीच ओततात, माणूस कोणता आहे ते बघत नाहीत. तो माझे पाय धरायला गेला, मी त्याचा चेहरा धरून पाण्याखाली दाबला. डोळे वाचले ते त्यामुळेच.

गल्लीतल्या लोकांनी त्याला रिक्षात घातलं. रिक्षा हलताना तो आतून ओरडला, "आते चालाव तुन्ही गाडी!"

इंजिनाची बॅटरी पुढे आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. भाचीला घरात नेलं, डोक्याची जखम धुतली, पोट दाबून पाहिलं, डॉक्टरला बोलावलं. पोलीस चौकीत जाऊन दोघींच्या तक्रारी लिहून दिल्या. मग फुटलेली बॅटरी काढून सोडा टाकून पत्रा धुतला.

सकाळी चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. भाची मागे आडवी झाली होती. मोठ्या रस्त्याला लागलो तशी ती उठून बसली.

"मावशी, गाडी दवाखान्याकडे घे. त्यांचा हात जळालाय. घास कोण भरवेल?"

"नर्स भरवेल."

"ते माझे मालक आहेत."

"काल पोटात लाथ कोणी घातली?"

"थांबव म्हणते ना!"

मी गाडी कडेला घेतली आणि मागचं दार उघडलं. "डावीकडे रिक्षा मिळेल. जायचं तर जा. मला गावी पोहोचायला दुपार होते."

ती उतरली. रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. एक रिक्षावाला थांबला आणि कुठे जायचं विचारू लागला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग काल लाथ बसलेलं पोट धरून खाली बसली आणि गटारीत ओकली. तो निघून गेला. पदराने तोंड पुसून ती आली आणि पुढच्या सीटवर बसली.

मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि गिअर टाकला.